राष्ट्रध्वजाचें कापड

ऑगस्ट महिना जवळ आला कीं आमच्या गांवोगांवच्या बाजारपेठांत तिरंगी निशाणांचे ढीग दिसूं लागतात. कापडवाले तर तीं ठेवतातच, पण खेळणींवाले, पुस्तकवाले, भांडीवाले, इतकेंच काय, किराणा-भुसारवालेहि दुकानाच्या दारांत दोरीवर निशाणें टांगतात. ही गोष्ट आनंदाची आहे. ज्या निशाणासाठीं एके काळीं तुरुंगांत जावें लागत होतें, तें आज कोणासहि उघडपणें विकत घेतां येतें व घरावर लावतां येतें, ह्याबद्दल खंत करण्याइतके आम्ही करंटे नाहीं. परंतु ह्या खरेदी-विक्रीकडे जरा लक्ष देऊन पाहिलें म्हणजे एक गोष्ट मनास टोंचल्यावांचून रहात नाहीं. गिऱ्हाईक निशाणाचा आकार विचारतें, किंमत विचारतें, काठी बरोबर मिळते कीं नाहीं हेंहि विचारतें. कापड कोणतें, हें मात्र क्वचितच कोणी विचारतें. दुकानदारहि आपण होऊन सांगत नाहीं, कारण त्यासहि तो प्रश्न महत्त्वाचा वाटत नाहीं. लग्नाच्या शालूसाठीं दहा दुकानें पालथीं घालून बोटांनीं पोत चाचपणारा आमचा समाज राष्ट्राच्या निशाणाचें कापड डोळे झांकून घेतो! आमचें म्हणणें असें आहे कीं, ह्या निशाणाच्या बाबतींत कापड ही गौण गोष्ट नाहीं. रंगांइतकाच, किंबहुना रंगांहूनहि अधिक अर्थ त्या कापडांत आहे. आणि हें आम्ही पदरचें सांगत नसून निशाणाचा इतिहासच तसें सांगत आहे.

तो इतिहास आरंभापासून सविस्तर सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. १९०६ सालीं कलकत्त्यास स्वदेशीच्या चळवळींत एक तिरंगी निशाण उभारलें गेलें. पुढील सालीं, २२ ऑगस्ट १९०७ रोजीं, मुंबईच्या पारशी घराण्यांतील मादाम भिकाजी कामा ह्यांनीं जर्मनींत स्टुटगार्ट येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेंत दुसरें एक फडकविलें. कामाबाईंचें हें निशाण पुढें इंदुलाल याज्ञिक ह्यांनीं युरोपांतून हिंदुस्थानांत आणिलें, व तें पुण्यास केसरीवाड्यांत जपून ठेवलेलें आहे; पुण्यास जाण्याचा योग येईल त्या वाचकांनीं तें अवश्य पहावें. त्यांत कमळें आहेत, सूर्य आहे, चंद्रकोर आहे. १९१७ सालीं होमरूलच्या चळवळींत लोकमान्य टिळक व डॉ. ॲनी बेझंट ह्यांनीं जें निशाण वापरलें, त्यांत पांच तांबडे व चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे, चंद्रकोर, आणि एका कोपऱ्यांत चक्क इंग्रजांचें युनियन जॅक होतें. त्या वेळची मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याची होती, व निशाणानें ती प्रामाणिकपणें कबूल केली, इतकाच त्याचा अर्थ. ह्या सर्व निशाणांत एक गोष्ट समान दिसते. देशांतील निरनिराळ्या समाजांची व श्रद्धांची आठवण ठेवून प्रत्येकास थोडीथोडी जागा द्यावी, अशी त्यांची रचना आहे. एकत्र कुटुंबाचें वांटणीपत्र लिहावें, कोणी रुसूं नये म्हणून प्रत्येकाच्या नांवापुढें कांहीं ना कांहीं मांडावें, तसा हा प्रकार होता.

१९२१ सालीं बेझवाड्यास काँग्रेस कमिटीची बैठक भरली असतां आंध्रांतील पिंगली वेंकय्या ह्या गृहस्थांनीं गांधीजींपुढें तांबड्या व हिरव्या रंगाचें निशाण मांडलें. तांबडा हिंदूंचा व हिरवा मुसलमानांचा, अशी ती योजना. इतर समाजांसाठीं पांढरा पट्टा हवा, असें गांधीजींनीं सुचविलें. येथपर्यंत वांटणीपत्रच चालू होतें. फक्त त्यांत एक वाटेकरी वाढला. परंतु जालंदरचे लाला हंसराज ह्यांची आणखी एक सूचना होती कीं, निशाणावर चरखा असावा. आणि ती गांधीजींनीं उचलून धरली. आमच्या मतें ह्या निशाणाचा खरा जन्म ह्या सूचनेंत आहे. कमळ, तारे, चंद्र, सूर्य हीं पाहण्याचीं चिन्हें. चरखा हें करण्याचें चिन्ह. तो हिंदूचा नव्हे, मुसलमानाचा नव्हे, ब्राह्मणाचा नव्हे कीं ब्राह्मणेतराचाहि नव्हे. जो कातील त्याचा. आणि निशाणावर चरखा आला त्याबरोबर तें निशाण हातसुताच्या खादीचेंच असलें पाहिजे, हें ओघानेंच आलें. मँचेस्टरच्या कापडावर चरख्याचें चित्र काढून तें मिरविणें म्हणजे दारूच्या गुत्त्यावर व्यसनमुक्तीची पाटी लावण्यासारखें झालें असतें.

रंगांच्या वांटणीचें पुढें जें व्हावयाचें तेंच झालें. वांटणी म्हटली कीं तक्रार आलीच. शीख बांधवांनीं विचारलें, आमचा रंग कोठें आहे? ही तक्रार अवास्तव होती असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या तत्त्वावर पहिल्या दोघांस पट्टे मिळाले, त्याच तत्त्वावर तिसरा आपला हक्क सांगणारच. अखेर १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसच्या वेळीं ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं सात जणांची समिती नेमली गेली. वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, हुबळीचे डॉ. हर्डीकर, आणि आमच्या साताऱ्यास जन्मलेले काकासाहेब कालेलकर, असे हे सात सभासद होते. समितीनें सबंध निशाण एकाच केशरी रंगाचें असावें व त्यावर तांबूस चरखा असावा, अशी शिफारस केली. ती मान्य झाली नाहीं. त्याच सालच्या ऑगस्टमध्यें मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस कमिटीच्या बैठकींत केशरी, पांढरा व हिरवा असे तीन पट्टे आणि मध्यें निळा चरखा असें निशाण ठरलें. त्याबरोबरच स्पष्टपणें जाहीर करण्यांत आलें कीं, ह्या रंगांस कोणताहि जातीय अर्थ नाहीं. केशरी रंग धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा व शौर्याचा, आणि चरखा हा गोरगरिबांच्या आशेचा. वांटणीपत्र त्या दिवशीं फाडून टाकण्यांत आलें. चरखा तेवढा कायम राहिला.

ह्या ठरावास आतां नव्वदांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. तरी अमुक रंग अमक्यांचा व तमुक रंग तमक्यांचा, असें मुलांस शिकविणारे शिक्षक व सभांतून सांगणारे वक्ते आजहि आढळतात. त्यांचा हेतु वाईट असतो असें नव्हे. सर्व समाजांचें ऐक्य मुलांच्या मनावर बिंबावें, अशीच त्यांची इच्छा असते. पण ज्या अर्थानें दहा वर्षें तंटे माजविले व जो आमच्या पुढाऱ्यांनीं जाणूनबुजून टाकून दिला, तो पुन्हां उचलून आणण्यांत शहाणपण कोणतें? ज्या मुलास एक पट्टा आपला वाटूं लागतो, त्यास उरलेले दोन परके वाटूं लागण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

व्यापारी वर्गास तर ह्या निशाणाचा इतिहास परका मुळींच नाहीं. १९२३ सालीं नागपुरास सिव्हिल लाइन्समधून निशाण घेऊन जाण्यास सरकारनें बंदी केली, तेव्हां १ मेपासून जो झेंडा सत्याग्रह सुरू झाला, त्याची धुरा वाहणारे गृहस्थ कोणी वकील किंवा प्रोफेसर नव्हते. ते वर्ध्याचे कापसाचे व्यापारी शेठ जमनालालजी बजाज होते. सरकारनें पूर्वीं दिलेली रायबहादुरी त्यांनीं असहकाराच्या काळांत परत करून टाकली होती. त्यांस कैद झाली व दंड झाला. दंडाच्या वसुलीसाठीं त्यांची मोटार जप्त होऊन लिलांवास निघाली, तेव्हां नागपुरांत त्या गाडीवर बोली करणारा कोणी पुढें आला नाहीं. बाजारपेठेनें केलेला सत्याग्रह तो हाच. पुढें वल्लभभाई पटेलांनीं तो लढा चालविला, निरनिराळ्या प्रांतांतून तुकड्या आल्या, दीड हजारांहून अधिक लोकांनीं कारावास पत्करला, त्यांत विनोबाहि होते. आणि १८ ऑगस्ट रोजीं निशाणाची मिरवणूक त्याच मनाई केलेल्या रस्त्यावरून गेली. १९४२ सालीं ९ सप्टेंबर रोजीं नंदुरबारच्या बाजारांत निशाण हातांत घेऊन मिरवणुकींत चालणारा शिरीषकुमार मेहता हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीस बळी पडला. तोहि व्यापाऱ्याच्याच घरांतला. त्याच्याबरोबर त्याचे चार सोबती गेले. त्यांचें स्मारक त्या गांवच्या पेठेंतच आहे, व माल भरण्यास जाणारे आमचे व्यापारी त्यावरून जात-येत असतात.

२२ जुलै १९४७ रोजीं पंडित नेहरूंनीं घटनासमितींत राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. तत्पूर्वीं राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालीं जी समिती बसली होती तींत मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, डॉ. आंबेडकर प्रभृति होते. रंग तेच राहिले. चरख्याच्या जागीं मात्र सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आलें. ह्याचें एक कारण अगदींच व्यावहारिक होतें, आणि तें आमच्या छापखानेवाल्या व कापडवाल्या वाचकांस चटकन पटेल: संपूर्ण चरख्याचें चित्र एका बाजूनें सुलट दिसलें तर दुसऱ्या बाजूनें उलट दिसतें, नुसतें चाक दोन्ही बाजूंनीं सारखेंच. गांधीजींस हा बदल प्रथम रुचला नाहीं, हें सर्वश्रुत आहे. तथापि ठरावाचा मजकूर जे काळजीपूर्वक वाचतील त्यांस दिसून येईल कीं, हें निळें चक्र चरख्याचें द्योतक म्हणून आहे असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. अशोकाच्या चक्राचा उल्लेख त्याच्या आकृतीपुरता आहे. म्हणजे चरखा गेला नाहीं, त्याचें चाक राहिलें. डॉ. राधाकृष्णन् ह्यांनीं त्याच सभेंत चक्राचा अर्थ धर्म व गति असा सांगितला, व हिरव्या रंगाचा संबंध जमिनीशीं व तींतून उगवणाऱ्या वनस्पतींशीं जोडला, तोहि सुंदरच आहे. पण त्या दिवशीं सभागृहापुढें जे दोन ध्वज ठेवण्यांत आले, ते कशाचे होते? एक सुती खादीचा व एक रेशमी खादीचा. स्वतंत्र देशाच्या प्रतिनिधींनीं गिरणीचें कापड त्या मेजावर येऊं दिलें नाहीं.

पुढें १९५१ सालीं भारतीय मानक संस्थेनें राष्ट्रध्वजाचें मानक ठरविलें, व तिच्या यादींत पहिला क्रमांक मिळाला तो राष्ट्रध्वजास.  कापड कसें असावें, रंग किती पक्का असावा, शिवण कशी असावी, हें सर्व त्यांत ठरवून दिलेलें आहे. ध्वजाच्या खादीचें सूत व कापड धारवाड जिल्ह्यांतील गरग येथें निघतें. हुबळीजवळ बेंगेरी येथें खादी संघाच्या केंद्रांत तें रंगवून, छापून, शिवून प्रमाणित ध्वज तयार होतात. आणि आमच्या नांदेडासहि मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडून ध्वज तयार केले जातात. कापसाचे पेळू, पेळूचें सूत, सुताचें मागावर कापड, मग तीन पट्ट्यांचे तीन रंग, मग पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनीं अगदीं एकावर एक येईल असें चोवीस आऱ्यांचें चक्र, आणि शेवटीं शिवण, असा हा क्रम आहे. सर्वांत मोठा ध्वज एकवीस फूट लांब व चौदा फूट रुंद, आणि सर्वांत लहान वीतभरहि नाहीं. अशीं एकंदर नऊ मापें. हें काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. ज्या निशाणास आम्ही उभे राहून वंदन करतों, तें कोणा खेड्यांतील बाईनें सूत काढल्याशिवाय उभेंच राहूं शकत नाहीं, ही व्यवस्था आम्हांस कोणत्याहि भाषणापेक्षां अधिक बोलकी वाटते.

आतां कायद्याकडे वळूं. कित्येक वर्षें सामान्य नागरिकास कांहीं ठराविक राष्ट्रीय दिवस वगळतां आपल्या घरावर ध्वज लावण्याची मोकळीक नव्हती. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता अमलांत आली व ती अडचण दूर झाली. २३ जानेवारी २००४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मानपूर्वक ध्वज लावणें हा नागरिकाचा मूलभूत हक्कच आहे, असा निर्णय दिला. हें उत्तम झालें. ध्वज सरकारी कचेऱ्यांचा मक्ता असतां कामा नये. परंतु २००२ च्या त्या संहितेंत ध्वज हातसुताच्या व हातमागाच्या खादीचा असावा, अशी अट होती. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनें ती शिथिल होऊन यंत्रावर तयार केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजासहि मान्यता मिळाली. पुढें २०२२ च्या ऑगस्टमध्यें घरोघरीं तिरंगा लावण्याची मोहीम निघाली, आणि बाजारांत पॉलिएस्टरच्या निशाणांचा पूर आला.

सरकारची बाजूहि आम्हांस दिसते. घरोघरीं ध्वज द्यावयाचे तर तितकी खादी आणावयाची कोठून? शिवाय खादीचा ध्वज महाग पडतो. हातावर पोट असलेल्या माणसानें तो कसा घ्यावा? हा प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच झोपडीवर पॉलिएस्टरचें निशाण लावणाऱ्या गरिबास आम्ही एका शब्दानेंहि दोष देणार नाहीं. कोणी म्हणेल, यंत्रमागावर काम करणारा मजूर हाहि ह्याच देशाचा नव्हे काय? निःसंशय आहे, आणि त्याच्या मजुरीचा प्रश्न ह्या पत्रास कांहीं कमी महत्त्वाचा वाटत नाहीं. पण त्याच्यासाठीं अखंड बाजार मोकळा आहे. आम्ही स्वतः गिरणीचें कापड अंगावर घालतों. सर्वांनीं खादीच नेसावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार आम्हांस नाहीं व तो आम्ही धरीतहि नाहीं. आमचें मागणें एकाच वस्त्रापुरतें आहे. त्या एका वस्त्राची मागणी निश्चित होती म्हणून कांहीं खेड्यांतील चरखे व माग चालू राहिले. तीहि गेली तर तेथील बायांनीं सूत कोणासाठीं काढावें? आणि पॉलिएस्टरचा धागा निघतो तो खनिज तेलापासून, ज्याचा मोठा भाग आपण परदेशांतून विकत आणतों. परदेशी कापडाच्या होळींतून ज्या निशाणाचें तेज वाढलें, त्याचा धागाच परदेशी तेलांतून यावा, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

कायद्यानें पॉलिएस्टरला परवानगी दिली आहे, सक्ति केलेली नाहीं. खादीचा ध्वज आजहि पूर्वींइतकाच कायदेशीर आहे. तेव्हां निवड आपल्या हातीं आहे. आमच्या मतें नगरपालिका, जिल्हा परिषदा, शाळा, महाविद्यालयें, बँका, सहकारी पेढ्या, व्यापारी मंडळें व गणेशोत्सव मंडळें ह्यांनीं आपला ध्वज खादीचाच घेण्याचा ठराव आपापल्या सभेंत करावा. ज्या संस्थेचा एका समारंभाच्या फुलांचा व मंडपाचा खर्च हजारोंनीं होतो, तिनें खादी महाग पडते ही सबब पुढें करूं नये. अशा ध्वजावर होणारा खर्च कित्येक दिवसांच्या वापरावर वांटला तर तो नजरेंतहि भरणार नाहीं. दुकानदारांस आमची विनंति इतकीच कीं, दोन्ही प्रकारचीं निशाणें शेजारीं-शेजारीं ठेवावीं व गिऱ्हाइकास न विचारतां सांगावें, हें खादीचें आहे व हें पॉलिएस्टरचें आहे. घेणारा काय घ्यावयाचें तें घेईल. पण त्यास माहीत असून घेईल. प्लास्टिकच्या निशाणांस तर दुकानांत जागाच देऊं नये.

समारंभानंतरच्या दिवसाबद्दलहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. सोळा ऑगस्टच्या सकाळीं रस्त्याच्या कडेला, गटारांत, उकिरड्यावर जीं निशाणें पडलेलीं दिसतात तीं वेंचण्याचें काम बहुधा सफाई कामगारांच्या वांट्यास येतें. आदल्या दिवशीं भाषणें करणारे त्या वेळीं कोणी तेथें नसतात. फाटलेला किंवा मळलेला ध्वज फेंकून न देतां एकांतीं, शक्यतों जाळून, त्याचा शेवट करावा, असें संहितेंत सांगितलें आहे. हें घरोघरीं कोणी करीत नाहीं, कारण तें पुष्कळांस ठाऊकच नाहीं. ज्या दुकानानें निशाणें विकलीं त्यानेंच दारांत एक पेटी ठेवून जुनीं निशाणें परत घेतलीं, व पेठेंतील व्यापारी मंडळानें तीं एकत्र करून त्यांची रीतसर व्यवस्था केली, तर दुकानदाराचें कांहीं जाणार नाहीं आणि सफाई कामगारांवरचा एक नकोसा भार उतरेल. गिऱ्हाईक पुढील वर्षीं त्याच दुकानीं येईल, हा फायदा वेगळाच.

एवढें करूं इच्छिणाऱ्या संस्थांनीं व दुकानदारांनीं एक व्यावहारिक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हातानें सूत काढून, हातमागावर विणून, रंगवून, छापून, शिवून होणारी वस्तु आठ दिवसांत मागितली तर मिळत नाहीं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत पत्र टाकणाऱ्यास खादी भांडारांतून नकार आला, तर त्यानें भांडारास बोल लावूं नये. शाळा सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे जूनमध्येंच, मापें व संख्या लिहून मागणी नोंदवावी, व सव्वीस जानेवारीसाठीं हवे असतील ते ध्वजहि दिवाळीपूर्वींच सांगून ठेवावे.